स्वित्झर्लंड, चकलीचं पॅकेट आणि आमची आई

जूनमध्ये आई आणि मी स्वित्झर्लंडला जाऊन आलो. मावसबहीण झुरिकला असते, तिच्याकडेच मुक्काम, नाहीतर आपल्या खिशाला झेपणारं प्रकरण नाही ते. फोटो टाकल्या टाकल्या फॅमिली ग्रुपवर काकांचा मेसेज, "त्यांच्या रक्तातच आहे स्वच्छता, आपल्याकडे काय होणार!" खाली ही अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर लिहायला घेतलं तर ते मारुतीच्या शेपटासारखं वाढायला लागलं म्हणून इथे टाकतेय.

रक्तात वगैरे काही नाही हो काका. पहिल्याच दिवशी मी चकलीचं रिकामं पॅकेट डस्टबिनमध्ये टाकलं तर ताईने ते बाहेर काढलं, चार घड्या घातल्या आणि पिशवीच्या कोपऱ्यात दाबून कोंबलं. मला कळेना हिला झालंय काय. तर तिथे कचरा कुठल्याही पिशवीत टाकून चालत नाही, महापालिकेची पांढरी पिशवी विकत घ्यायची, 35 लिटरची एक पिशवी दोन फ्रँकच्या आसपास, म्हणजे आपले दोनशे रुपये धरा, आणि कचरा उचलायचे पैसे त्यातच आले. जितका कचरा जास्त तितक्या पिशव्या जास्त, सरळ हिशोब. साध्या पिशवीत भरून गुपचूप ठेवली तर ती उघडून आतल्या बिलांवरून पत्ता शोधतात आणि दंड घरी येतो. आणि मी हुशारी करून रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला गेले तर एका आजीबाईंनी थांबवलं, गोड हसून, पण थांबवलंच. रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो ना. आले गपचूप पिशवी घेऊन परत.

आता पाण्याचं ऐका. झुरिकमध्ये 1,200 च्या वर कारंजी आहेत, दगडी हौद, त्याला तोटी, आणि ते पाणी चक्क प्यायचं. आईने पहिल्यांदा ओंजळीत घेऊन वास घेतला, मग एक घोट, मग पाच मिनिटांनी "अजून काही झालं नाही" म्हणून बाटली भरली. संध्याकाळी ऑफिस सुटलं की माणसं शहराच्या मधोमध तलावात उड्या मारतात. बर्नला तर आरे नदीत (हो, नाव आपल्या आरे कॉलनीचंच) लोक संसदेच्या खालून वाहत जातात, कपडे वॉटरप्रूफ पिशवीत बांधून, पिशवी बरोबर तरंगतेय.

पण हेच पाणी साठच्या दशकात इतकं घाण होतं की कितीतरी ठिकाणी पोहायला बंदी होती. 1963 मध्ये झरमॅटला, म्हणजे ते मॅटरहॉर्नचं कॅलेंडरवालं गाव, तिथे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून टायफॉइड पसरला, चारशेहून जास्त लोक आजारी, तीन गेले. 1965 ला देशातल्या जेमतेम 14 टक्के लोकांचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जायचं, आज 97 टक्के जातं. मधल्या काळात कायदे केले, गावोगाव केंद्रं बांधली, 1986 ला कपड्यांच्या पावडरीतलं फॉस्फेट बंद केलं कारण त्याने तलावात शेवाळ माजायचं. आणि "त्यांची लोकसंख्याच किती" म्हणणाऱ्यांना, बरोबर आहे, अख्खा देश नव्वद लाखांचा, मुंबईहून कमी. पण घाण केली तेव्हा तर त्याहूनही कमी होते की!

सगळ्यात गंमत मला गवताची वाटली. लाउटरब्रुनेनची दरी म्हणजे दोन्हीकडे सरळ उभे कडे, वरून जवळजवळ तीनशे मीटरचा श्टाउबबाख धबधबा, वाऱ्याने खाली येईपर्यंत त्याचा नुसता भुगा होतो, आणि खाली ते हिरवंगार, कंगवा फिरवल्यासारखं गवत. आई म्हणाली, देवाने काय दिलंय यांना! तेवढ्यात एक शेतकरी दिसला, उतार असा की मला तिथे उभंही राहता आलं नसतं, आणि हा छोट्या मशीनने गवत कापतोय. ते कापलं नाही तर काही वर्षांत झुडपं आणि मग जंगल होतं, म्हणून सरकार त्याला पैसे देतं, उतार जास्त तर पैसे जास्त. म्हणजे आपण ज्याचा फोटो काढतो तो निम्मा देवाचा आणि निम्मा त्या शेतकरीकाकांच्या पगारातला.

ट्रेनबद्दल सगळेच लिहितात, मी एवढंच सांगते. डोंगरावरच्या म्युरेन गावाला जायला आधी केबल कार, मग छोटी ट्रेन, मध्ये मिनिटं मोजकी. आईचं आदल्या रात्रीपासून सुरू, "एवढ्यात कसं जमणार गं, माझे गुडघे!" केबल कारमधून उतरलो तर समोर ट्रेन उभी, चार पावलांवर. म्युरेनला मोटारगाड्याच जात नाहीत, ऐकू काय येतं तर गाईंच्या घंटा. परदेशात आई पहिल्यांदाच पर्स पोटाशी न धरता बसली होती. मला विचाराल तर लोक तिथे जातात ते ह्याच्यासाठी, डोंगर काय हिमाचलात पण आहेत.

सगळं गोडगोड नाही हं. स्टेशनवर बाथरूमला पैसे, रेस्टॉरंटमध्ये नळाच्या पाण्याचे पैसे, रविवारी दुकानं बंद, संध्याकाळनंतर गावात कुत्रं सुद्धा भुंकत नाही, चार दिवसांनी मला आपल्या लक्ष्मी रोडची आठवण यायला लागली. इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा आहे, तिथे आपलीच गर्दी. जवळच्या इझेल्टवाल्ड गावात तर एका कोरियन मालिकेमुळे इतके लोक यायला लागले की गावाने लाकडी धक्क्यावर फिरतं गेट बसवलं, पाच फ्रँक टाका आणि फोटो काढा. मी टाकले. फोटोत डोळे मिटलेत.

पुण्याला येऊन बॅग उघडली तर साड्यांच्या खाली चकली, चिवडा, बाकरवडी सगळ्यांची रिकामी पॅकेटं, व्यवस्थित घड्या घालून रबर लावलेली. ताईला फोन केला तर म्हणे, "अगं माझी पिशवी भरली होती, आणि तुझ्या बॅगेचं वजन दोन किलो कमीच भरत होतं ना."