मामा टीव्हीवर, लवकरच

"लवकरच" हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा धरून आमच्या मामासमोर आणून बसवायला पाहिजे, बाकी काही शिक्षा नको, नुसतं बसवायचं आणि मामाला म्हणायचं की हाच तो.

झालं काय, तर दोन वर्षांमागं मे महिन्यात चार पोरं कॅमेरा घेऊन जीपमधून मामाच्या गावात उतरली. मामाचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं, भीमगडच्या जंगलाला चिकटून. भीमगडचं अभयारण्य झालं 2011 ला, त्याआधी आणि त्यानंतरही मामाच्या भाषेत ते नुसतं "रान". त्या रानात तळेवाडीच्या बाजूला बारापेडे म्हणून गुहा आहेत आणि तिथं एक वटवाघूळ राहतं, त्याचं नाव रॉटनचं वटवाघूळ. 1913 साली थॉमस नावाच्या साहेबानं रॉटन नावाच्या दुसऱ्या साहेबाचं नाव त्याला दिलं, आणि पुढं कितीतरी वर्षं अख्ख्या जगात हे वाघूळ फक्त ह्या गुहांमध्येच आहे असं समजत होते, मग अलीकडं ते मेघालयात आणि कंबोडियात पण सापडलं. मामाला हे पटलेलं नाही. "आमचंच त्ये. तिकडं पावण्याकडं गेलं असंल."

तर त्या पोरांना माहितीपट करायचा होता वटवाघळावर, आणि वटवाघूळ दिवसा बोलत नसल्यामुळं त्यांनी मामाला बोलतं केलं. मामा दीड तास बोलला. मामीनं तीनदा चहा केला, जेवायला घातलं, जाताना डबाभर काजू दिले, आणि पोरं म्हणाली, "सरकारी चॅनेलवर लागणार मामा, लवकरच!"

तिथून माझी साडेसाती सुरू. कारण मी बेळगावातला भाचा, वडगावात स्वतःचं घर, घरात 43 इंची टीव्ही, म्हणजे टीव्ही ह्या विषयाचा सगळा कारभार माझ्याकडं. दर रविवारी फोन. "कधी हाय बे?" मी काय तिथला डायरेक्टर आहे का, खरं मामाला कोण सांगणार. मामाच्या घरी छत्री आहे, फुकटवाली, महिन्याचे पैसे नाहीत, खरं त्या छत्रीचं तोंड लागतं 93.5 अंश पूर्वेच्या उपग्रहाकडं म्हणजे आमच्याकडून आग्नेयेला, आणि आग्नेयेला बरोबर आज्ज्यानं लावलेला फणस. वर आणि कणकुंबी-जांबोटीचा पाऊस म्हणजे काय ते ज्यानं बघितलाय त्यालाच ठाऊक, जूनमध्ये सिग्नल जातो तो गणपतीबरोबरच परत येतो. मी एकदा म्हटलं फणसाची एक फांदी तोडा की मामा. मामी आतून म्हणाली, "फांदी कशाला, टीव्हीच तोडूया."

मला ह्या "लवकरच"चा एवढा राग का येतो तर आमची पिढी साप्ताहिकी बघून वाढलेली आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, माझ्या लालबागच्या आत्याकडं टीव्ही आला त्याच्या बऱ्याच नंतर, आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिकडं गेलो की रविवारी साप्ताहिकी बघायचो, म्हणजे पुढच्या आठवड्यात काय काय बघायचंय ते आधी बघायचं. बाई शांतपणे वार सांगायची, वेळ सांगायची. आत्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवायची. आता प्रोमो येतो, ढग, धबधबा, ढोल, जाडा आवाज, आणि शेवटी "लवकरच". अरे लवकर म्हणजे कधी, दिवाळीआधी की मामा गेल्यावर?

आणि एके दिवशी प्रोमोखाली चक्क तारीख आली. रविवार, रात्री 8. मी बघितली नाही, मामानं बघितली, तीही शेजारच्याच्या घरी, कारण मामा तिथं दूरदर्शनच्या कन्नड चंदन वाहिनीवरचं 'थट् अंत हेळी' बघायला जातो. 2002 पासून चालू आहे ते प्रश्नमंजुषेचं, प्रश्न कन्नडमध्ये असतो आणि मामा उत्तर मराठीत ओरडतो, निम्मी बरोबर असतात.

शनिवारी दुपारी मामा आला. एकटा नाही. मामी, दोन मुलं, सुना, नातवंडं, मामीची बहीण, आणि गावातला एक गृहस्थ ज्याचा आमच्याशी काही संबंध नाही खरं शूटिंगच्या वेळी तो मागं उभा होता म्हणे. अकरा माणसं. शिवाय दोन फणस, अर्धं पोतं तांदूळ. गल्लीत बातमी मामानं स्वतः पोचवली. संध्याकाळी शेजारच्या काकू कुंदा, म्हणजे आमच्या बेळगावची मिठाई, घेऊन आल्या आणि कार्यक्रमाच्या आधीच अभिनंदन करून गेल्या.

रविवारी सकाळी कळलं की आमच्या केबलवर ते चॅनेलच येत नाही. नंबर आहे, नाव आहे, पडदा काळा. केबलवाल्याला फोन लावला.

"ते पॅकमध्ये नाय री."

"अहो ते सरकारी आहे, फुकट असतंय. 1995 च्या केबल कायद्यात लिहिलंय, सरकारी चॅनेल दाखवायचेच म्हणून."

"कायदा हाय री," तो म्हणाला, "सिग्नल नाय."

मग मी माझं पेटंट अस्त्र काढलं, मामाला फोन दिला. मामानं त्याला वटवाघळापासून सुरुवात केली. विसाव्या मिनिटाला चॅनेल आलं.

आठ वाजता सगळे बसले. सतरंजीवर नातवंडं, सोफ्यावर बायका, मामा मधल्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून, जणू तिकडून पण आपण दिसणार आहे. आणि टीव्हीवर कुठल्यातरी समारंभाचं थेट प्रक्षेपण चालू. व्यासपीठावर चौदा माणसं, मी मोजली, आणि प्रत्येकाचा सत्कार. खाली पट्टी फिरतेय, पुढचा कार्यक्रम थोड्याच वेळात. साडेआठला मामीच्या बहिणीनं विचारलं की तोपर्यंत सिरीयल लावूया काय, त्यावर मामानं तिच्याकडं असं बघितलं की ती उठून आत चपात्या लाटायला गेली. नऊ वाजले. नातवंडं झोपली. सात सत्कार बाकी.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ढग आले, धबधबा आला, ढोल वाजला, आणि करंट गेला.

मी ह्या प्रसंगासाठी इन्व्हर्टर घेतलाय असं बायकोला सांगितलं होतं, खरं इन्व्हर्टरची लाईन फक्त पंख्याला, दोन ट्यूबला आणि स्वयंपाकघरातल्या एका पॉइंटला आहे, टीव्ही त्यावर नाही. बारा माणसं माझ्या नावानं काय काय बोलत होती ते मी ऐकून घेतलं. शेवटी स्वयंपाकघरातल्या त्या पॉइंटवरनं एक्स्टेन्शन ओढलं, ते फ्रिजमागनं, मग देव्हाऱ्यावरनं, ते थोडं कमी पडलं म्हणून टीव्हीच टेबलासकट दाराकडं सरकवला, आणि केबलचा डबा हातात धरून उभा राहिलो कारण त्याची वायर पुरेना. असा मी अर्धा तास उभा.

पडद्यावर धुकं, वरनं ड्रोननं काढलेलं हिरवंगार जंगल, हिंदीत जाडा आवाज. मामा बारकाईनं बघत होता.

"हे आमचं रान न्हवं," तो म्हणाला. "हे कुठलंतरी चांगलं रान हाय."

मग गुहा आली. वटवाघूळ आलं. लांब कान, काळसर तोंड, किडे खातं, उडतं, लटकतं, परत उडतं. अकरा मिनिटं वटवाघूळ. मागं उभा राहिलेला तो गृहस्थ म्हणाला, "आता आमीच."

आणि मामा आला! अंगणात खाटेवर बसलेला, बनियनवर. मामी किंचाळली, "अवं मी निळा शर्ट काढून ठेवलेला न्हवं!" तेवढ्यात मामानं तोंड उघडलं आणि आतून कुठल्यातरी रेडिओवरच्या माणसाचा आवाज आला, शुद्ध हिंदीत, "ये जंगल हमारी माँ है. माँ की गोद में डर कैसा?" आणि मामा मात्र पडद्यावर दोन्ही हात डोक्याला लावून हे एवढाले शिंगं दाखवतोय. खाली पट्टी, स्थानीय निवासी. संपलं. सहा सेकंद. परत वटवाघूळ.

खोलीत कोणी बोलेना. इन्व्हर्टर तेवढा गुंगुं करत होता.

"माझा आवाज कोन काढूलाय बे?" मामानं विचारलं.

"डबिंग असतंय ते मामा. सगळ्यांना कळावं म्हणून."

"मी गव्यानं भात खाल्लेला सांगूलालो होतो. तीन गुंठं. भरपाईचा अर्ज कुटं द्यायचा ते इचारूलालो होतो त्यास्नी."

आता ह्यावर मी काय बोलणार, हातात डबा. शेवटी ज्यांची मदत झाली त्या सगळ्यांची नावं सरसर वर गेली, मामाचं नव्हतं, "समस्त ग्रामवासी" होतं, त्यात मागं उभा राहिलेला गृहस्थ पण आला म्हणून तो खूश. मामा उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. मला वाटलं आता रडतो का काय.

तेवढ्यात खालनं शेजारच्या काकूंचा आवाज. त्यांच्याकडं मोठा इन्व्हर्टर आहे. "मामा, बगितलं वो आम्ही! हिंदी काय सुंदर बोलताय तुमी!"

मामा थोडा वेळ गप्प. मग कठड्यावर रेलला.

"बोलतोय की," तो म्हणाला, "जरा जरा."

सोमवारी सकाळी सगळ्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. कंडक्टर खिडकीतनं ओळखीचं हसला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "एल्लिगे री?", म्हणजे कुठं. मामानं छाती काढली, घसा साफ केला, आणि त्या रेडिओवाल्याच्या चालीत म्हणाला, "जांबोटी जाने का है. ग्यारा आदमी."

कंडक्टरनं तिकीट मशीन खाली केलं. "मामा, शनवारी येताना मराठीत भांडूलालाव की वो माझ्यासंगं."