सहाशेची लेन्स

रविवारी सकाळी पुण्याजवळ कवडी पाटच्या बंधाऱ्यावर रातबगळ्याच्या पोराला मोठ्या तापसाची, म्हणजे बिटर्न या पक्ष्याची, पदवी बहाल करण्यात आली. मी शेजारीच उभी होते. राग अजून उतरलेला नाही.

पदवी देणारे काका डोक्यापासून पायापर्यंत मिलिटरी हिरव्यात, वर मात्र भडक नारिंगी टोपी. त्यांच्या लेन्सलाही हिरवं झबलं घातलेलं. जलपर्णीच्या कडेला मान खांद्यात खुपसून बसलेल्या पक्ष्याकडे एकदाही न बघता, कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून ते ओरडले, "बिटर्न! मोठा बिटर्न!"

म्हटलं, "काका, रातबगळ्याचं पोर आहे ते. पंखांवर पांढरे ठिपके बघा, चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे."

"तुमची दुर्बीण कितीची?"

"आठ बाय बेचाळीस."

"माझी लेन्स सहाशे एमएमची आहे." वाद संपला, निदान त्यांच्यापुरता.

आता हे कूळच चकवणारं, हे मान्य. वंचक बगळा घ्या, तापसाची पिल्लं घ्या, तपकिरी अंग आणि छातीवर रेघोट्या सगळ्यांनाच. पण वंचक उडाला की पंख पांढरेशुभ्र दिसतात, तिथे तरी प्रश्न मिटतो. रातबगळ्याला काळी टोपी आणि राखाडी अंग यायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर बिचाऱ्याला कोणी काहीही म्हणावं. मोठ्या तापसाचं डोकं काळं असतं, गालावर काळी मिशी असते. शिवाय तो पाणकणसात दडणारा प्राणी, चहाच्या टपरीसमोर उघड्यावर बसून फोटो काढून घेणारा नव्हे.

"बघा, चोच वर केली!" काका थरथरले. "बिटर्नची खूण! धोका दिसला की चोच आभाळाकडे!"

"अहो, मासा गिळतोय तो."

"ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय."

मी बाजूला झाले. म्हणजे दुर्गंधीच्या आणखी जवळ गेले. अख्ख्या पुण्याचं सांडपाणी पोटात घालून आलेली मुळा-मुठा तिथे पांढरा फेस काढत असते. त्या फेसावर कोणाची लेन्स वळली नाही. बगळे त्यात कसे जगतात, याबद्दल मंडळींना काही पडलेलं नव्हतं. पुढच्या फोटोत फेस येऊ नये, एवढीच काळजी.

तेवढ्यात पक्षी "क्वॉक" करून उडाला आणि समोरच्या बाभळीवर चार मोठ्या रातबगळ्यांच्या मधोमध जाऊन बसला. काळ्या टोप्या, लाल डोळे, सगळं कुटुंब हजर. मी काहीच बोलले नाही, नुसती काकांकडे बघत राहिले.

काकांचा श्वास अडकला होता. "रातबगळ्यांच्या थव्यात बिटर्न! दुर्मीळ वर्तन!"

धडाधड क्लिक. दुपारपर्यंत फोटो ग्रुपवर, खाली टाळ्यांची रांग. उद्या कोणीतरी हाच फोटो बघून इथल्या पक्ष्यांच्या यादीत तापस टिपणार, परवा तिसरा त्या यादीचा दाखला देणार. मी चोच, ठिपके, मिशी, आवाज असं मुद्देसूद लिहून पाठवलं. ग्रुपवर बराच वेळ शांतता. मग एका तरुण मुलाचं उत्तर आलं, "ताई, छान माहिती. पण आता एखादा चांगला कॅमेरा घ्याच."