मामा काडीसारखे होते, तरीही… (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार ताई,

लठ्ठपणाने पित्तमार्गाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "माझे मामा आयुष्यभर काडीसारखे, तरी पित्तनलिकेच्या कॅन्सरने गेले. तुम्ही लोक सगळं खापर जाड माणसांच्या माथी फोडता." मामांबद्दल वाईट वाटलं. आणि राग निम्मा बरोबर आहे.

चूक माझीच. लेखात मी पित्ताशय (पित्त साठवणारी पिशवी) आणि पित्तनलिका (पित्त आतड्यात नेणारी नळी) यांची खिचडी केली. (आपल्याकडे 'पित्त झालं' म्हणजे ॲसिडिटी, त्यामुळे हा घोळ आधीपासूनच आहे.) जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये जादा चरबीशी जोडलेल्या 13 कॅन्सरची यादी दिली. तीत पित्ताशय आहे, पित्तनलिका वेगळी नाही. मी दिलेला 56 टक्क्यांचा आकडा 2017 च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला. तो बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 5 ने वाढल्यावरचा, आणि पिशवी-नळी धरून अख्ख्या पित्तमार्गाचा. साडेपाच फुटी माणसाचं हे जवळजवळ 14 किलो झालं. शिवाय आजार दुर्मीळ. समजा लाखात दोघांना होत असेल, तर ते तिघे होतील. 'दीडपट धोका' असं ठोकून देताना हे सांगायला हवं होतं.

पण मामांवरून संबंधच नाही असं ठरत नाही. ईशान्य थायलंडमध्ये पित्तनलिकेचा कॅन्सर खूप होतो, तो लठ्ठपणामुळे नव्हे. तिथे गोड्या पाण्यातले मासे कच्चे खातात, त्यातून एक कृमी पित्तनलिकेत शिरते आणि वर्षानुवर्षं ती चिघळत ठेवते. नलिकेतले खडे, तिथली जुनी सूज हीही कारणं आहेत. चरबी या रांगेतली एक. तिची वाट बरीचशी पित्ताच्या खड्यांतून जाते: यकृत पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सोडतं, खडे धरतात, पित्ताशय सतत चुरचुरत राहतं. इन्शुलिन वाढलेलं असतं, ते वेगळंच.

एक खोच आणखी. या आजारात वजन आधीच झडतं, म्हणून निदानाच्या दिवशी रुग्ण बारीकच दिसतो. मामांना हे लागू नाही, तुम्ही 'आयुष्यभर' म्हणालात. पण 'वॉर्डात सगळे बारीकच होते' या तुमच्या वाक्याला लागू आहे. त्यासाठीच नीट केलेल्या अभ्यासात वजन आजाराच्या कित्येक वर्षं आधीचं घेतात.

आणि हो, 'दोन महिन्यांत पंधरा किलो'वाल्या डाएटनेही खडे होतात. तेही लेखात नव्हतं. आज रात्री शीर्षकासकट दुरुस्ती करतोय, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख ठेवून. चालेल ना?