हवामानबदलाचे घरगुती उपयोग

हळदीचे, तुरटीचे, खाण्याच्या सोड्याचे घरगुती उपयोग आपण इतकी वर्षं वाचत आलो, हवामानबदलाचे मात्र कुणी लिहिले नाहीत. मलाही गेल्या मंगळवारपर्यंत ठाऊक नव्हते. मंगळवारी इथे बडोद्यात एका कचेरीत अर्ज घेऊन गेले. तीन टेबलं फिरले. चौथ्या टेबलावरच्या तरुण साहेबांनी अर्जाची घडीसुद्धा न उलगडता माझ्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं आणि म्हणाले, "बेन, आ तो ग्लोबल छे. क्लायमेट चेंज. एमां अमे शुं करीए?" म्हणजे, बाई, हे तर साऱ्या जगाचं आहे, त्यात आम्ही काय करणार?

अर्ज साधा होता. आमच्या गल्लीतला रस्ता उन्हाळ्यात नवा झाला. जुना खरवडला नाही, त्याच्यावरच नवा थर चढवला. त्याच्या आधीचाही असाच त्याच्या आधीच्यावर चढवलेला. आता रस्ता आमच्या ओट्यापेक्षा उंच आहे. किती, तेही अर्जात लिहिलं होतं, कारण गवंड्याला बोलावून, त्याची ती पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून मोजून घेतलं होतं. नऊ इंच. जूनच्या दुसऱ्या पावसाला, जो तासभर पडला आणि दोन इंचही भरला नसेल, रस्त्यावरचं पाणी फाटकातून आत, ओट्यावरून दिवाणखान्यात आणि तिथून घरच्या माणसासारखं चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. नदीचा यात काही संबंध नव्हता. विश्वामित्री बिचारी लांब तळाशी पडून होती, तिला कुणी विचारलंही नव्हतं.

तर साहेबांचे उपकार स्मरून, समस्त बडोदेकरांच्या सोयीसाठी हे उपयोग देते आहे. कात्रण काढून फ्रिजला लावून ठेवावं. फ्रिज शक्यतो माळ्यावर ठेवावा.

उपयोग पहिला: अर्ज परत करण्यासाठी. पूर्वी हे काम 'कुदरत' नावाच्या औषधानं व्हायचं. "कुदरत आगळ कोईनुं चाले?", निसर्गापुढे कुणाचं चालतं, असं म्हणून मोठे साहेब आभाळाकडे बोट दाखवायचे, आपणही वर पाहायचो आणि घरी यायचो. पण त्यात अडाणीपणा दिसतो. 'क्लायमेट चेंज' म्हटलं की बोलणारा शिकलेला वाटतो आणि ऐकणारा गप्प बसतो. गटार तुंबलं, क्लायमेट चेंज. डांबर उखडलं, क्लायमेट चेंज. डास झाले, क्लायमेट चेंज. टेबलावरचा शिपाई चहा आणायला गेला तो परत आला नाही, त्यालाही चालून जावं.

उपयोग दुसरा: अंगणातला कडुनिंब 'पानं फार पडतात' म्हणून काढावा, खाली पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि एप्रिलात गच्चीवरून हात जोडून विचारावं, "काय हो हे ऊन यंदा?"

उपयोग तिसरा: पाठांतरासाठी. कुणी फारच खोलात शिरू लागलं तर धोरणांची नामावली म्हणावी. २००८ ची राष्ट्रीय कृती योजना, तिच्यात आठ मिशन. २००९ मध्ये आपल्या गुजरातनं हवामानबदलासाठी स्वतंत्र खातं काढलं, तेव्हा बाकीची राज्यं झोपलेली होती. २०१५ चा पॅरिस करार. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत दिलेला शब्द, २०७० पर्यंत नेट झीरो, म्हणजे हवेत जितका कार्बन सोडू तितकाच परत शोषू. हे एका दमात म्हटलं की समोरच्याचा ओटा आपोआप लहान वाटू लागतो. मी हिशेब केला. २०७० मध्ये मी ११२ वर्षांची असेन. तोवर रस्ता आणखी आठ-दहा थर चढलेला असेल, म्हणजे गल्लीत उतरायला शिडी लागणार नाही, खिडकीतूनच पाय बाहेर टाकता येईल.

(अहमदाबादनं मात्र खरंच काम केलं, तेवढं म्हणायला हवं. २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ वर गेला, माणसं दगावली, आणि २०१३ मध्ये त्यांनी उन्हाचा कृती आराखडा केला. म्हणजे कागदावरून जमिनीवर उतरता येतं. आपल्या चौथ्या टेबलाला मात्र सांगू नका, ते म्हणतील अहमदाबादला जा.)

उपयोग चौथा: विज्ञान अर्धंच शिकण्यासाठी. हा नीट ऐका, मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा. मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्यातली निदान तीस वर्षं सहामाहीला एक प्रश्न घातला: 'बडोद्यात पूर येतो. कारणे द्या. (५ गुण)'.

साहेबांनी परवा जे उत्तर दिलं ते बरोबर आहे. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. ओला टॉवेल जितका जास्त भिजलेला तितका पिळल्यावर जास्त पाणी सोडतो, तसं. अरबी समुद्र तापत चालला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात, १९५० ते २०१५ या काळात, मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आणि २०२४ च्या ऑगस्टात आपल्या डोक्यावर जे घोंघावत होतं, ते जमिनीवरून समुद्रात गेलं आणि तिथे त्याचं चक्रीवादळ झालं. असना त्याचं नाव. वादळ समुद्रात जन्मतं आणि जमिनीवर येऊन मरतं, असं मी पोरांना शिकवत आले. हे उलटं चाललं होतं. ऑगस्टात अरबी समुद्रात चक्रीवादळ, असं १९७६ नंतर पहिल्यांदा झालं. तेव्हा हवामान बदललं, यात शंका घेणाऱ्याला मी नापास करीन.

पण साहेब, हे एक कारण झालं. एका कारणाला एक गुण. उरलेले चार कुठे आहेत?

विश्वामित्री पावागडाकडून येते आणि शहरात सापासारखी वळणं घेत, फारसा उतार नसलेल्या जमिनीतून जाते. हा एक गुण. वरच्या अंगाला आजवा तलाव आहे, तो भरला की दार उघडावंच लागतं, म्हणजे गावात पाऊस थांबल्यावरही नदी चढत राहते. म्हणून तर पावसाळ्यात बडोद्यात दोन माणसं भेटली की तब्येतीच्या आधी विचारतात, "आजवा किती? काळा घोडा किती?" काळा घोडा म्हणजे जिथे नदीची पातळी मोजतात तो पूल. दुसरा गुण. नदीच्या दोन्ही अंगांना कोतरं होती, खोल घळी, झाडोऱ्यानं भरलेल्या. चढलेलं पाणी तिथे जाऊन बसायचं, दोन दिवसांनी निघायचं. त्या कोतरांत काय भरलं ते सांगायला भूगोलाची पदवी लागत नाही. पाडलेल्या घरांचा राबीट, विटा, माती, डंपरच्या डंपर, आणि वर बंगल्यांची स्कीम, तिचं नाव बहुधा 'रिव्हर व्ह्यू'. तिसरा. आणि कांस! शहराचं पाणी नदीला नेणारे ते जुने ओढे, कुठे पेटीत बंद केले, कुठे वळवले, कुठे वरून दुकानं आली. चौथा. राष्ट्रीय हरित लवादाचं २०२१ मध्ये विश्वामित्रीच्या पात्राबद्दल बजावून झालं. कुणी ऐकलं? २०२४ चा पूर यावा लागला, मग २०२५ च्या उन्हाळ्यात गाळ काढला, पात्र रुंद केलं. केलं ते चांगलं केलं. पण आधी बुडावं लागलं.

आणि हे बघा. २०१९ च्या ३१ जुलैला शहरात चोवीस तासांत जवळजवळ २० इंच पाऊस पडला. २०२४ च्या गोकुळाष्टमीला त्याहून बराच कमी. तरी पंचवीस-सव्वीस फुटांवर धोका मानणारी नदी पस्तिसाच्या वर गेली. पाऊस कमी आणि पाणी जास्त, याचं उत्तर आभाळात शोधायचं का जमिनीवर?

त्या रात्री आमच्याकडे पाणी आलं ते आधी बाथरूमच्या जाळीतून आलं. बुडबुड करत, काळं. सुंठवड्याची वाटी देवापुढे तशीच होती. आम्ही दोघं आणि शेजारच्या जोशीकाकू वरच्या मजल्यावर गेलो ते दोन दिवसांनी उतरलो. फ्रिज उताणा पडला होता, पोटावर चिखल. पण मला रडू आलं ते गव्हांचं. मे महिन्यात वर्षाचे गहू भरले होते, एरंडेल लावून, इकडच्या भाषेत दिवेल दिलेले, पत्र्याच्या कोठीत. पाणी आत शिरलं आणि गहू फुगले. कोठीचं झाकण वर उचललं गेलं होतं, कडेच्या सांध्यातून फुगलेले गहू बाहेर आले होते आणि आंबलेल्या ताडीसारखा वास स्वयंपाकघरभर. फावड्यानं काढावे लागले. कोठी फुटली. सासूबाईंच्या हातची होती ती, दांडिया बाजारच्या घरातून आलेली. त्या घरात ती इतकी वर्षं कोरडी राहिली. भिंतीवर स्विचबोर्डाच्या दोन बोटं वर चिखलाची रेघ आहे, रंगाऱ्यानं दोन हात दिले तरी दमट हवेत दिसते.

सासूबाई १९२७ च्या रेलची त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली गोष्ट सांगायच्या. रेल म्हणजे इथे आगगाडी नव्हे, पूर. तेव्हाही गुजरात बुडालं होतं, बडोदंही. तेव्हा क्लायमेट चेंज हा शब्द कुणाच्या टेबलावर नव्हता. आणि त्याच्याही आधी, एकोणिसावं शतक संपायच्या आत, सयाजीरावांनी आजवा बांधून नळानं पाणी आणलं होतं. ग्लोबल कारण मिळायची वाट न पाहता.

उपयोग पाचवा मगरींसाठी आहे. २०२४ च्या पुरात तीन दिवसांत वस्तीतून दोन डझन मगरी पकडाव्या लागल्या. एक तर छपरावर बसलेली साऱ्या देशानं पाहिली. त्यांनाही सांगावं, बेन, आ तो ग्लोबल छे.

सहावा उपयोग लिहायला घेतला होता, शेजाऱ्यांसाठी. डावीकडच्या भाईंनी नवं घर बांधताना जोतं तीन फूट वर घेतलं, त्यांचं पाणी आता आमच्याकडे येतं. उजवीकडचेही तेच करणार आहेत. मग पुढचे. आणि सोसायटीचा खाळकुवा, पाणी जिरवायचा खड्डा, बुजवून वर पार्किंग करायचा ठराव झाला तेव्हा एकानंही हात वर केला नाही. मी सही केली. हो, माझी सही आहे त्या ठरावावर, गाडी लावायला जागा झाली म्हणून मीसुद्धा खूश होते. त्यामुळे हा उपयोग आता लिहवत नाही.

आणि सातवा, आठवा, दहावा, नाही लिहीत जा. चेष्टा पुरे.

अरे बाळा, चौथ्या टेबलावरच्या, तू माझा विद्यार्थी असू शकला असतास. पाऊस आता असाच एका तासात ओतणार, हे तूच मला सांगितलंस ना? तुला ठाऊक आहे ना? मग ठाऊक असताना रस्ता खरवडला का नाहीस? सात टक्के जास्त पाणी येणार हे माहीत असलेला माणूस गटार मोठं करतो का त्याच्या तोंडावर डांबर ओततो? माहीत नव्हतं असं १९२७ वाल्यांनी म्हणावं. तू कसं म्हणतोस? तुझ्या मोबाइलवर आदल्या दिवशी लाल इशारा येतो. कार्बनचं काय करायचं ते दिल्ली आणि ग्लासगोनं बघावं, मी तुझ्याकडे कार्बन मागायला आले नव्हते. नऊ इंच मागायला आले होते. नऊ इंच खरवडायला कुठल्या परिषदेचा ठराव लागतो?

आणि अर्ज उघडला नाहीस. ते मला जास्त लागलं. चौतीस वर्षांत कोऱ्या पेपरचीसुद्धा घडी उलगडल्याशिवाय मी शून्य दिलं नाही.

सोमवारी परत येते आहे. अर्जाची दुसरी प्रत आणि गवंड्याची नळी बरोबर आणते. ती नसेल पाहायची तर तूच ये घरी. ओट्यावर बस, चहा मी करीन. पाऊस आला तर बूट काढून हातात घे, पाय वर घे, आणि जोशीकाकूंना जरा जागा दे बसायला.