जिभेवरचा पांढरा थर आणि आपण घरंदाज माणसं

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय. मामेभावाच्या जिभेवर पांढरा थर यायला लागला, जाईना, म्हणून डेंटिस्टकडे गेला. तिने तोंड नीट तपासलं, शुगर कधी चेक केली होती विचारलं आणि म्हणाली शुगरबरोबर एचआयव्हीचीही टेस्ट करून घ्या. झालं! काकांनी लिहिलं, "असं बोलायची हिंमतच कशी होते, घरंदाज माणसं आहोत आपण." खाली अंगठ्यांची रांग. एक मावशी म्हणे त्याचा पेला वेगळा ठेवायचा का (उष्ट्याने एचआयव्ही पसरत नाही हो मावशी, हे अजून सांगावं लागतं!). आणि कोणीतरी फॉरवर्ड टाकला, आरशात तोंड बघा आणि घरबसल्या एचआयव्ही ओळखा.

मला दोन्हींचा वैताग आला.

अहो, डेंटिस्ट चारित्र्य नाही बघत, प्रतिकारशक्ती बघते. कॅन्डिडा नावाची बुरशी कित्येकांच्या तोंडात गपगुमान असते, सीडीफोर पेशी (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर आहेत तोवर तिचं सहसा काही चालत नाही. निरोगी माणसात त्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ५०० ते १५०० असतात, २००च्या खाली गेल्या की या बुरशीचा पांढरा थर, म्हणजे थ्रश, डोकं वर काढायची शक्यता खूप वाढते. डेंटिस्ट गॉजने थर पुसून बघते, निघाला आणि खाली लालभडक कातडी दिसली तर बहुतेक थ्रश. जिभेच्या कडेला उभ्या सुरकुत्यांसारखा पांढरा पट्टा असेल आणि घासूनही निघत नसेल तर हेअरी ल्युकोप्लेकियाची शंका. तो एपस्टीन-बार व्हायरसमुळे होतो, १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवला. एचआयव्ही असलेल्या माणसाला बरा न होणारा थ्रश किंवा हा पट्टा दिसला तर डब्ल्यूएचओच्या हिशोबात तो थेट तिसऱ्या स्टेजला जातो. म्हणजे तोंड सांगतंय तेव्हा आधीच बराच उशीर झालेला असतो, आणि आपण भांडतोय अपमान झाला म्हणून!

आता आरसेवाल्यांसाठी. थ्रश डायबेटिसने होतो, दम्याच्या स्टेरॉइड पंपाने होतो, कवळीने होतो, अँटिबायोटिक्सनेही होतो. आणि एचआयव्ही असलेल्या कितीतरी लोकांचं तोंड स्वच्छ असतं, गोळ्या चालू असतील तर विचारूच नका. टेस्टशिवाय कळत नाही, विषय संपला.

इथे लंडनला ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, रक्त काढलं की एचआयव्हीची टेस्ट आपोआप होते, नको असेल तर तुम्हीच नको म्हणायचं. २०२२पासून असंच चाललंय, कोणाचं घराणं बुडालेलं दिसलं नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं तर दादा म्हणाला, "तिकडचं कौतुक पुरे, तुला काय कळणार इथलं." बरं, मग इथलंच घे. २०१७चा आपला एचआयव्हीचा कायदा सांगतो की माणसाच्या संमतीशिवाय टेस्ट करायची नाही. डेंटिस्टने सुचवलं, जबरदस्ती केली नाही, म्हणजे कायद्याप्रमाणेच वागली ना? औषधं सरकार २००४पासून फुकट देतंय. आणि १९८६ साली चेन्नईत भारतातल्या पहिल्या केसेस ज्यांनी शोधल्या त्या डॉ. सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. मराठी माणूस कुठे कुठे पोचला याचे फॉरवर्ड रोज येतात, त्यात या बाई कधी दिसल्या नाहीत.

दादाचं "तुला काय कळणार" मात्र डोक्यातून जात नाहीये. कारण माझीही टेस्ट झालीये. जीपीकडची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडची, नर्स म्हणाली बाकीच्या ब्लड्सबरोबर एचआयव्हीही टाकू का, मी म्हटलं टाका, दुसऱ्या बाहीचं बटण लावेपर्यंत विसरले पण. किती मोकळी झालेय मी, असं वाटलं. पण तिथे माझं आडनाव नीट उच्चारणारंही कोणी नव्हतं, रिसेप्शनवरच्या बाईला माझी सासू माहीत नाही, रिपोर्ट कोणाच्या हातून कोणाच्या कानावर जाईल याची भीतीच नाही. माझं धाडस म्हणजे एवढंच, इथे मी कोणाचीच कोणी नाही. आणि ग्रुपवर इतकं तावातावाने लिहिलं त्यात हे एक वाक्य नव्हतं. टाइप केलं होतं, काका ऑनलाइन दिसले, खोडलं.

मामेभावाला वेगळा मेसेज केलाय, डेंटिस्ट बदलू नकोस म्हणून. त्याने अजून वाचलेला नाही.