आवाज यायलालाय का?

आमचं घर चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यात आहे आणि त्याच्या भिंती दोन हात रुंद आहेत. पणजोबांनी दगड-माती वापरताना हात आखडला नाही. वर माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छप्पर. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असते, तेव्हा आतल्या खोलीत पंखा नसला तरी दुपारची झोप लागते. या भिंतींतून ऊन आत येत नाही, धूळ येत नाही आणि मोबाइलची रेंज तर नाहीच नाही. १९९३ च्या भूकंपानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी लोकांनी धास्तीनं माळवदं उतरवून पत्रे टाकले. आमच्या वडिलांनी, आबांनी, टाकले नाहीत. रेंजपुरतं बोलायचं तर पत्रेवाल्यांचंही काही भलं झालं नाही, कारण लोखंडी पत्रा लहरींना दारातूनच परत पाठवतो. आमच्या लहरी निदान भिंतीत मुरून तरी मरतात.

त्यामुळं फोन ठेवायची जागा म्हणजे ओसरीतली देवळी. तिथं रेंजची एखादी काडी येते आणि तेवढ्यावर घंटी वाजते. वाजली की लगेच उचलायचा नाही. तो हातात घेऊन जिना चढायचा, माळवदावर पूर्वेच्या कठड्यापाशी जायचं आणि मग ‘हॅलो’ म्हणायचं. आबांचं वय पंच्याहत्तरच्या पुढं आहे, पण फोन वाजला की त्यांचे गुडघे गप्प बसतात. आवाज मात्र बसत नाही. समोरचा माणूस जितका लांब तितका आवाज मोठा, हा त्यांचा हिशेब एसटीडी बूथच्या काळापासूनचा. चाकूरचा फोन असेल तर घरापुरता, पुण्याचा असेल तर गल्लीपुरता, आणि दुबईहून पुतण्याचा असेल तर मारुतीच्या पारावर पत्ते खेळणारे डाव थांबवतात.

असं असल्यावर घरात गुपित राहायचं कसं? ताईच्या पोरीला बघायला कोण येणार, सोयाबीन कधी विकणार, माझ्या बदलीचं काय झालं, सगळं गल्लीला पाठ. शेजारच्या तात्यांचा आणि आमचा बांधाचा वाद आजोबांच्या वेळेपासून चालू आहे, पण आमच्या घरची बातमी माझ्या बायकोच्या आधी तात्यांना कळते.

दिवाळीला भाचा पुण्याहून आला. आबांची ही चढउतार बघून म्हणाला, “मामा, घरात वायफाय आहे ना? मग वायफाय कॉलिंग चालू करा की. दोन मिनिटांचं काम आहे.”

दोन मिनिटांचं काम म्हणणाऱ्या माणसापासून सावध राहावं, हे मला शाळेत ऑनलाइन माहिती भरून भरून कळलेलं आहे. पण तो समजावून सांगायला लागला आणि गोष्ट खरोखर पटण्यासारखी होती. वेगळं ॲप नाही, वेगळा नंबर नाही, जादा पैसे नाहीत. आपल्याकडं २०१९-२० पासूनच ही सोय आहे. फोन नेहमीसारखाच लावायचा, फक्त आवाज टॉवरकडं जायच्याऐवजी घरच्या वायफायवरून, तारेतून, कंपनीपर्यंत जातो. तिथून पुढं नेहमीचा रस्ता. मी विचारलं, “व्हॉट्सॲपवरनं बोललं तर?” तर म्हणाला, “आडत्याकडं बटनाचा फोन आहे, बँक काय व्हॉट्सॲपवर फोन करत नाही, आणि दुबईत व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत.” पोरगं हुशार आहे. दुसऱ्या दिवशी ते हुशार पोरगं पुण्याला निघून गेलं.

सेटिंगमध्ये शिरलो. सिमकार्ड, त्याच्या आत मोबाइल नेटवर्क, त्याच्या आत आणखी एक पान. भाच्यानं सांगितलेलं बटन काही तिथं नव्हतं. कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावायचा म्हणजे अर्थात माळवद. भाषेचं बटन दाबलं, तक्रारीचं दाबलं, बासरी ऐकली. मग एक ताई आल्या. फार गोड बोलल्या. “सर, आपण आत्ता आपल्या वायफायच्या जवळ आहात का?”

“नाही, मी माळवदावर आहे.”

“सर, कृपया राउटरजवळ जाऊन उभे राहा.”

मी जिना उतरायला लागलो. तिसऱ्या पायरीवर ताईंचा आवाज घोगरा झाला, पाचवीवर गेल्या त्या गेल्याच. पुन्हा वर, पुन्हा बासरी, या खेपेला एक दादा. त्यांनीही राउटरजवळच उभं राहायला सांगितलं. घरात रेंज नाही म्हणून ही सोय पाहिजे, आणि सोय चालू करायला घरात रेंज पाहिजे, हे मी त्यांना तीन तऱ्हांनी सांगून बघितलं. “आपली अडचण मी समजू शकतो, सर,” असं ते म्हणाले. ते वाक्य त्यांच्यासमोर लिहून ठेवलेलं असणार.

एवढं मात्र कळलं, की आधी व्होएलटीई, म्हणजे फोरजीवरून बोलायची सोय, चालू पाहिजे, फोनचं सॉफ्टवेअर ताजं पाहिजे आणि कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन नंबर पडताळून घ्यायला पाहिजे. पडताळणी म्हणजे ओटीपी.

इथं खरी गंमत आहे. ॲप चालतं इंटरनेटवर, म्हणजे खाली, राउटरच्या खोलीत. ओटीपी येतो एसएमएसनं, म्हणजे वर, माळवदावर. फोन एकच. खाली ‘ओटीपी पाठवा’ दाबायचं, धावत वर जायचं, एसएमएस येईपर्यंत हात उंच करून उभं राहायचं, आला की धावत खाली. तोवर पडद्यावर ‘वेळ संपली’. शेवटी बायकोच्या फोनवर ॲप उघडून तिला खाली बसवलं, माझा फोन घेऊन आबा वर गेले, आणि मी जिन्याच्या मधल्या पायरीवर निरोप्या म्हणून उभा राहिलो. पण आबांना निरोप्या लागतोय कशाला?

“चार! सात! सात! शून्य!” माळवदावरून ललकारी उठली.

“सात का साठ?” बायको आतून.

“सात, सात!” हे पलीकडच्या अंगणातून तात्या.

कोणालाही सांगू नका असं ज्या एसएमएसमध्ये लिहिलेलं असतं, तो आकडा त्या दिवशी अर्ध्या गावानं ऐकला आणि एकानं तपासूनही दिला. पडताळणी झाली. रात्री फोनचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, सकाळी बटन दिसायला लागलं. दाबलं. हिरवं झालं. फोन लावला. लागला नाही.

आता गाठ पडली केबलवाल्या पोराशी. आमच्या गावात फायबरची तार विजेच्या खांबांवरून, एका लिंबाच्या फांदीवरून आणि दोन घरांच्या गच्चीवरून येते. नळयोजनेचं खोदकाम करणारा जेसीबी दर काही दिवसांनी ती तोडतो, आणि हे पोरगं मोटारसायकलवर येऊन जोडून जातं. कामाचा वाघ आहे, पण त्याच्याकडं औषध एकच. “गुरुजी, रिस्टार्ट मारा.” मारला. “आता?” नाही. “अजून एकदा मारा.” राउटरला तरी दया यावी.

रात्री भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याचं म्हणणं असं, की आपला आवाज वाटेत कुणी ऐकू नये म्हणून फोन आणि कंपनी यांच्यामध्ये एक बंदिस्त बोगदा तयार होतो. तो बोगदा राउटरमधून जायला दोन दारं उघडी लागतात, एक ५०० नंबरचं आणि एक ४५०० नंबरचं. आमच्या जुन्या राउटरनं ती लावून घेतली होती. मी कागदावर लिहून घेतलं, आणि ओसरीत उभ्या असलेल्या केबलवाल्या पोराला मोठ्यानं सांगितलं, “अरे, ४५०० उघडायचंय!”

आबा वर पुण्याच्या ताईशी बोलत होते. त्यांच्या कानावर तेवढा आकडा पडला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर मिळत होता त्याहून पुष्कळ कमी. घरात पोती पडून होती. आबा कठड्यावरून ओरडले, “पंचेचाळीसशे निघाला? देऊन टाका म्हणावं, थांबू नका!” ताईचा फोन त्यांनी तिथंच तोडला. आम्ही दारं उघडत होतो तोवर पारावर बातमी पोचली होती. लातूरला पंचेचाळीसशे उघडला म्हणून दोघांनी टेम्पो सांगून ठेवला. नुसतं राउटरचं दार होतं हे त्यांना पटवायला मला दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन बसावं लागलं, आणि गुरुजी भाव दाबून ठेवतात असं बोलणारा एक जण तरीही निघालाच.

पण दारं उघडली आणि फोन लागला. आतल्या खोलीत, दोन हात भिंतीच्या आत, खाटेवर बसून. आबांनी पुण्याला फोन लावला आणि दोन वाक्यं बोलून माझ्याकडं दिला. “बंद पडलाय.”

“पडला नाही, ताई ऐकायलालीय.”

“मग खरखर कुठाय?”

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. डिजिटल फोनमध्ये माणूस गप्प झाला की तार खरोखरच मुकी होते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं फोन कटला. म्हणून फोन बनवणारे मुद्दाम थोडीशी खोटी सळसळ कानात सोडतात. आबांच्या कानांना ती पुरत नाही. उभा जन्म खरखरीतून बातमी निवडण्यात गेलेल्या माणसाला एवढा स्वच्छ आवाज संशयास्पदच वाटणार. दर दोन वाक्यांनी ते विचारतात, “आवाज यायलालाय का?” ताई म्हणते, “यायलालाय आबा, हळू बोला.” ते आणखी मोठ्यानं बोलतात.

अडचण येते ती संध्याकाळी, सगळी पोरं रील बघायला बसली की. भाच्यानं हेही सांगितलं होतं. आपला आवाज सलग जातच नाही. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे पाडून, कारखान्याला ऊस धाडावा तशा मोळ्या बांधून, प्रत्येकीवर पत्ता टाकून पाठवतात. फरक इतकाच, की उशिरा पोचलेली मोळी कारखाना घेतो, फोन घेत नाही. टाकून देतो. बोलण्याला लागणारी जागा तशी किरकोळ, मिनिटाला एखादा एमबी. पण रिलांच्या गर्दीत तीही अडकते. एकदा ताईनं स्थळाबद्दल विचारलं. आबा म्हणाले, “मला ते घर पसंत नाही.” त्यातलं ‘नाही’ मोळीतच राहिलं. तिकडं ताईनं पाहुण्यांना रविवारचं बोलावणं धाडलं. ते निस्तरता निस्तरता आम्हाला त्या लोकांना पोहे खाऊ घालावे लागले. माणसं चांगली निघाली, ते वेगळं.

लाइट गेली की राउटर जातो आणि राउटर गेला की आबा वाक्याच्या मध्यावर तोंड उघडं ठेवून बसतात. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे आता माळवदही कामाचं राहिलं नाही. वायफायचा एक मरतुकडा धागा झरोक्यातून वरपर्यंत पोचतो, आणि फोन इतका इमानी, की समोर टॉवरची भरघोस रेंज दिसत असताना त्या धाग्यालाच धरून बसतो. म्हणजे जिथं इतकी वर्षं खणखणीत बोलणं व्हायचं तिथं आता ‘हॅ… लो… ऐ…’. यावरही एक सेटिंग आहे, ‘मोबाइल नेटवर्कला प्राधान्य’ नावाचं. ते सापडलं आणि मी त्या दिवशी शाळेत शीळ घालत गेलो.

एसएमएसही आता त्याच वाटेनं खाली येतात. ओटीपी खाटेवर येतो. आबांना याचं फार कौतुक. पारावर बसून त्यांनी आमच्या वायफायची अशी काही तारीफ केली, की गल्लीतला जो तो फोन घेऊन ओसरीत यायला लागला. ज्यांची घरं आमच्यासारखी, ज्यांच्या डोक्यावर पत्रे, सगळ्यांची एकच कथा. ‘नाही’ म्हणणं आबांच्या रक्तात नाही. पासवर्ड त्यांनी स्वतः सांगितला, नेहमीच्या आवाजात, म्हणजे पुढं कुणाला विचारायची गरजच राहिली नाही. संध्याकाळी ओसरीत पाच-सहा जण पाच-सहा गावांशी बोलत असतात आणि आत चहाचं आधण असतं. साखर किती लागते हे बायको मला रोज सांगते. पासवर्ड बदला, असंही रोज सांगते. आबा असेपर्यंत बदलून उपयोग काय?

परवा शाळेतून आलो तर ओसरीत तात्या. भिंतीला टेकून, मांडी घालून, कानाला फोन. बायको त्यांच्यापुढं कपबशी ठेवत होती. मला बघून त्यांनी मान हलवली आणि बोलणं चालू ठेवलं.

“व्हय वकीलसाहेब, बांधाचंच. नोटीस या आठवड्यात जाऊ द्या. नाही, नाही, घरून नाही, त्यांच्याच ओसरीतून बोलायलालो. वायफाय लई भारी आहे हो त्यांचं.”