‘को-ऑप घेतलं की मेडिकल विसरा’ हा सल्ला चुकीचा आहे

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांना हा सल्ला सर्रास मिळतो: डॉक्टर व्हायचंय ना, मग बोस्टनच्या नॉर्थईस्टर्नसारख्या ठिकाणी सहा महिन्यांचं को-ऑप (शिक्षणाचाच भाग म्हणून केलेली पूर्णवेळ नोकरी) घेऊ नकोस, जीपीए (ग्रेडची सरासरी) घसरतो, मेडिकल स्कूल (तिथे प्रवेश पदवीनंतर मिळतो) नोकरीला विचारत नाही आणि प्रवेशाचं वेळापत्रक कोलमडतं.

जीपीएचा मुद्दा लगेच निकालात निघतो. एएमसीएएस, म्हणजे मेडिकल स्कूलचे अर्ज घेणारी सामायिक सेवा, जीपीए काढते ती कोर्सच्या ग्रेडवरून. को-ऑपच्या नोकरीला तशी ग्रेड नसते.

नोकरीला विचारत नाहीत? अर्जात कामं आणि उपक्रमांच्या १५ नोंदी करता येतात, त्यांत पगारी नोकरीही बसते. आठवड्याला ४० तास धरले तर २६ आठवड्यांत १०४० तास भरतात; शनिवारच्या स्वयंसेवेतून एवढे तास जमवणं फार कठीण. मात्र काम निवडताना डोळे उघडे ठेवा. प्रयोगशाळेत दिवसभर पिपेट चालवणं हे संशोधन झालं, रुग्णांचा अनुभव नव्हे. वॉर्डात रुग्णाला उठवणं-बसवणं, रक्तदाब घेणं, संशोधनासाठी रुग्णाची संमती घेणं अशी कामं शोधा. डॉक्टरांसोबत शॅडोइंग (त्यांच्याबरोबर राहून काम पाहणं) तरीही वेगळं करावंच लागतं.

वेळापत्रकाच्या आक्षेपात तथ्य आहे, पण चूक को-ऑपची नसते, महिना निवडण्याची असते. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग सप्टेंबरला घेऊन जानेवारीत नोकरीवर गेलात, तर दुसरा भाग लांबतो, त्यामागे बायोकेमिस्ट्री अडते आणि मग एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा. म्हणून दुसऱ्या वर्षी दोन्ही भाग सलग संपवा आणि पहिलं को-ऑप जुलै ते डिसेंबर घ्या. अर्जाच्या वर्षी उलट करा, जानेवारी ते जून. संध्याकाळी गृहपाठ नसतो, तो वेळ एमकॅटला द्या आणि परीक्षा एप्रिलअखेरपर्यंत उरका, कारण निकालाला साधारण महिना लागतो. जूनमध्ये मुख्य अर्ज जातो. जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक कॉलेजचे वेगळे निबंध येऊन आदळतात, त्याच आठवड्यांत नवी नोकरी सुरू करू नका. बहुतेकांची फसगत इथेच होते.

शिफारसपत्रांचंही तसंच. बरीच कॉलेजं विज्ञानाच्या प्राध्यापकांची पत्रं मागतात, साहेबांचं पत्र त्यांची जागा घेत नाही. कोर्स संपला की लगेच पत्र मागा. दोन को-ऑप करून परत येईपर्यंत तुमचा चेहरा त्यांच्या लक्षात राहील याचा भरवसा नाही.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्यांनी मात्र खरंच सावध राहायला हवं. को-ऑप हे सीपीटीखाली (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी) होतं, आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं की त्याच पदवी स्तरावरचं ओपीटी (आपल्या विषयात, बहुधा पदवीनंतर, काम करण्याची परवानगी) हातचं जातं. सहा-सहा महिन्यांची दोन को-ऑप म्हणजे नेमके तेवढेच. त्यातून ग्रीन कार्ड नसलेल्यांना घेणारी मेडिकल स्कूल्स मोजकीच, त्यामुळे पदवीनंतर काम करत पुन्हा अर्ज करायची वेळ आली तर ओपीटीच कामी येतं. दुसरं को-ऑप चार महिन्यांचं मिळतं का ते आधी विचारा, आणि ऑफर स्वीकारण्यापूर्वी आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) वरच्या तारखा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात बसून मोजून घ्या.